आई तोच प्रसंग पुन्हा पुन्हा का बघते?

"मॅडम, कादंबरीतल्या माणसांसाठी कुणी इतकं रडतं का हो?"

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी आजवर इतक्यांदा ऐकलाय, की समोरच्याने चाचरत सुरुवात केली की पुढचं मला कळतं. कधी नवरा बायकोबद्दल विचारतो, कधी सून सासूबद्दल. एका निवृत्त शिक्षकांनी तर स्वतःबद्दलच विचारलं होतं. तरुणपणी पारायणं केलेल्या प्रेमकथेवर मालिका निघाली. दोन भाग पाहून त्यांनी टीव्ही बंद केला आणि आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नाहीत. "माझी माणसं बिघडवली त्यांनी," म्हणाले. घरचे हसले. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं मनात वागवलेली माणसं होती ती. त्यांचा चेहरा, आवाज, चालणं सगळं त्यांनी स्वतः घडवलेलं. पडद्यावर दुसराच कुणी येऊन "मीच तो" म्हणायला लागला, तर राग येणारच.

पण आज सांगायचंय ते एका काकूंबद्दल. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे.

आधी आली ती त्यांची लेक. चाळिशीची, नोकरी करणारी, घाईत असलेली. खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागली. बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. आई तशी सावरली होती. विरंगुळा म्हणून लेकीनेच तिला मोबाइलवर 'स्वामी' मालिकेचे जुने भाग शोधून दिले. आईची आवडती कादंबरी, आवडती मालिका. पहिले काही दिवस आई खूश होती. मग हळूहळू बाकीचे भाग सुटले आणि ती फक्त थेऊरचा भाग बघायला लागली. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जायची. रोज तेच, आणि रोज रडणं.

"मी चिडून बोलून गेले," लेक म्हणाली. "म्हटलं, आई, जाळून घेण्याला तू प्रेम म्हणतेस? तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तिला रमाबाईंसारखं... बाबांच्या मागे जावंसं तर वाटत नसेल ना?"

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पानिपतानंतर, १७६१ साली, सोळा वर्षांचा माधवराव पेशवेपदावर आला. मोडलेलं राज्य त्याने उभं केलं, घरात काकांशी झुंजला आणि १८ नोव्हेंबर १७७२ ला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, थेऊरला चिंतामणीच्या सान्निध्यात क्षयाने गेला. रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली, तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण घराघरांत ती वाचली गेली ती माधवराव-रमाबाईंसाठी. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली, रवींद्र मंकणी माधवराव झाले, मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई झाल्या. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हे दोन चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. माझ्याही आहेत.

लेकीची भीती मी हसण्यावारी नेली नाही. तशी ती कधीच नेऊ नये.

पुढच्या आठवड्यात काकू आल्या. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, हातात कापडी पिशवी. पिशवीत पुस्तक होतं. खाकी कव्हर घातलेलं, कोपरे मऊ पडलेले. ते त्यांनी मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

"काकू, सरळच विचारते. जगू नये असं वाटतं का कधी?"

त्या दचकल्या नाहीत. बऱ्याच लोकांना वाटतं की असं विचारलं तर नसता विचार डोक्यात शिरेल. माझा अनुभव उलटा आहे. विचारलं की माणूस सैल होतो.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "नातीची शाळेची बस सव्वासातला येते. मला कुठे सवड आहे असलं काही सुचायला? पण लेकीला तसं वाटलं, याचं फार लागलं मला."

"मग रडू कुठे येतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'का' रडता, हे त्यांना आजवर सगळ्यांनी विचारलं होतं. 'कुठे' हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पुस्तक उघडलं. म्हणजे पुस्तक आपोआपच उघडलं, इतक्यांदा त्या पानावर ते मोडलं होतं. मी शेवटची पानं असतील म्हणून वाकून पाहिलं. शेवट नव्हता तो. बराच आधीचा मजकूर होता. माधवराव अंथरुणाला खिळलेले, रमाबाई जवळ.

"इथे," ओळीवर बोट ठेवून काकू म्हणाल्या. "ती उशाशी बसली आहे ना, इथे."

"आणि पुढचं? सती जाण्याचं?"

"ते मी वाचतच नाही. तिथे मी पुस्तक मिटते. मोबाइलवरसुद्धा ते येण्याआधी बंद करते." बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती जवळ होती. मी खाली गाडीत बसून होते. नऊ दिवस. वर कुणी सोडत नव्हतं. गेटवर डबा द्यायचा आणि गाडीत येऊन बसायचं. तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी त्यांची आहे, असं मी मनानेच ठरवलं होतं. नंतर कळलं, ती खिडकी जिन्याची होती."

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. या कामात इतकी वर्षं झाली, तरी काही वेळा शब्द सुचत नाहीत, आणि ते शोधायची घाई करायची नाही एवढं मी शिकले आहे.

लेकीला चिता दिसत होती. आई उशी बघत होती. एकाच घरात दोघी एकच मालिका पाहत होत्या, आणि प्रत्येकीला त्यात वेगळंच काही दिसत होतं. हे मला त्या दिवशी जितकं लख्ख कळलं तितकं आधी कधी कळलं नव्हतं. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी 'कुठे' हा प्रश्न विचारते आणि तो क्वचितच वाया जातो.

माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. कि. मो. फडके यांनी तो विचार मराठीत आणला नसता, तर मी आज या खुर्चीत नसते. घडलेली गोष्ट माणसाला जितकी छळते, त्याहून जास्त त्या गोष्टीबद्दल तो स्वतःला जे ऐकवत राहतो ते छळतं, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं. काकू स्वतःला काय ऐकवत होत्या? दुसऱ्या भेटीत मी त्यांना ते कागदावर लिहायला सांगितलं. वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं: "मी जवळ असायलाच हवं होतं."

"यातला 'च' कुणाचा?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं? काकांनी म्हटलं होतं? की रमाबाईंना बघून तुम्हीच तो लावलात?"

त्या कागदाकडे बघत राहिल्या. मराठीतला हा एका अक्षराचा 'च' फार निष्ठुर आहे. तो लागला की इच्छेचा हुकूम होतो आणि हुकूम पाळला गेला नाही की माणूस स्वतःला गुन्हेगार ठरवतो. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काकू, रमाबाईंना जवळ बसता आलं ते का, माहीत आहे? क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांना सापडला १८८२ साली. माधवराव गेल्यानंतर एकशे दहा वर्षांनी. हा आजार एकाकडून दुसऱ्याला कसा लागतो हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी दार लावलं नाही. तुमच्या वेळी ते ठाऊक होतं. म्हणून दार बंद होतं. त्यात तुमचं प्रेम कमी पडलं असं कुठे आहे?"

काकू खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग टेबलावरचं पेन घेतलं आणि 'च' खोडला. वाक्य पुन्हा वाचलं. मान हलवली, ते सगळंच खोडलं आणि खाली लिहिलं: "मला त्यांच्याजवळ बसायचं होतं."

मग त्या रडल्या. हे रडणं वेगळं होतं. आधीच्या रडण्यात त्या कोर्टात उभ्या असल्यासारख्या ताठ असायच्या. या वेळी खांदे खाली आले, पदर तोंडाला लावला, आणि मधेच स्वतःशीच म्हणाल्या, "बसायचं होतं हो मला." मी ते वाक्य सुचवलं नव्हतं, याचं मला आजही समाधान वाटतं. आमच्या कामात सांगण्यासारखं थोडं असतं. समोरच्याच्या हातात पेन राहील एवढं पाहायचं असतं.

तुमच्याही घरात कुणी एकच प्रसंग पुन्हा पुन्हा बघत असेल, तर कृपा करून "परत तेच?" असं म्हणू नका. बाजूला बसा. "तुला यात काय दिसतं?" असं विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प राहा. "अगं, ती नटी आहे, शूटिंग संपलं की घरी गेली," हे तर अजिबात नको. रडणाऱ्यालाही ते माहीत असतं. आपल्या दुःखाकडे थेट बघवत नाही, तेव्हा माणूस ते दुसऱ्याच्या गोष्टीतून बघतो. त्यात वेड नाही. उलट मनाने स्वतःसाठी शोधलेली ती वाट असते. ती अर्ध्यावर अडकली असेल, तर पुढे न्यायला कुणीतरी सोबत लागतं, इतकंच.

सतीबद्दल लेक चुकीचं बोलली असं मात्र मी म्हणणार नाही. सतीबंदीचा कायदा १८२९ सालचा. त्या प्रथेचं कौतुक आजही कानावर येतं, तेव्हा मलाही राग येतो. काकूंनाही ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे पटतं? ती जगायला हवी होती." गोष्ट आवडणं आणि तिच्यातलं सगळं मान्य असणं एक नव्हे. आपली मुलं कथेबद्दल बोचरं बोलतात तेव्हा आपल्याला ते आपल्याबद्दल वाटतं, आणि मग दोन्ही बाजूंनी अबोला धरला जातो.

काळजी केव्हा करायची, तेही सांगते. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे बिघडली, माणूस घराबाहेर पडेनासं झालं, आवडीची कामं सुटली, "आता काय राहिलंय" असं वारंवार बोलू लागलं, तर मालिकेला दोष देत बसू नका. समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. तेवढं जमत नसेल तर टेली-मानस ही सरकारी मोफत सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. मराठीतही बोलता येतं.

पाचव्या भेटीला मी लेकीला सोबत बोलावलं. आईने कागदावर काय लिहिलं होतं ते आईनेच तिला सांगितलं. लेक ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. "ॲडमिट करायचं मी ठरवलं होतं," ती एकदम म्हणाली. "घरीच ठेवू म्हणत होतीस तू. मीच ऐकलं नाही. तुला थेऊरचा भाग बघताना पाहिलं की वाटायचं, तू मला दाखवतेयस."

तर हे होतं. तिचा राग सतीवर होता, आणि त्याखाली तिचा स्वतःचा 'च' दडलेला होता. मी काहीच बोलले नाही. काकूंनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर, त्या खाकी कव्हरावर ठेवला.

"तुझे बाबा कादंबरी वाचायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "आपल्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता. खाली घरमालकांकडे जायचो आम्ही 'स्वामी' बघायला. खोली बायका-पोरांनी भरलेली. हे दारातच उभे राहायचे, चौकटीला टेकून. भाग संपला की जिना चढताना मला विचारायचे, पुढे काय होतं? मी नाही सांगायचे. म्हटलं, पुस्तक वाचा. तर म्हणायचे, तू आहेस ना वाचलेली."

लेकीने डोळे पुसले. ही गोष्ट तिने कधीच ऐकली नव्हती.

"मग?" तिने विचारलं. "शेवटच्या भागाला काय झालं?"

काकू पदर सावरून बसल्या आणि सांगायला लागल्या. आमची वेळ संपून दहा मिनिटं झाली होती. बाहेर पुढचे लोक थांबले होते. मी उठून दार हलकेच लोटून घेतलं.