टाचेमागचं टेंडन दुखतंय: ऑर्थो, फिजिओ की मालिशवाला?

ठाण्याच्या कासारवडवलीच्या ताई, टाचेमागच्या दुखण्यासाठी कोणाकडे जाऊ, असं विचारलंत. तुमचं दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. उपवनला धावायला लागलात, मग येऊरचा चढ घेतलात, आणि आता सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं लंगडत. थोडं चाललं की मोकळं होतं, संध्याकाळी पुन्हा ठणकतं. वर्णनावरून अकिलीस टेंडनच वाटतंय, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर. अर्थात मी डॉक्टर नाही, तपासल्याशिवाय काही खरं नाही.

बर्फ, बूट वगैरे तुम्ही वाचलं असेलच, ते सोडतो. शेजाऱ्यांनी सुचवलेला मालिशवाला बाद. दुखऱ्या टेंडनवर अंगठा रगडून ते आणखी चिडतं, एवढंच होतं.

ऑर्थोकडे, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे, एकदा जा, पण निदानापुरतं. दुखतं कुठे हे बोटाने दाखवा. हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर चिमटीत धरल्यावर दुखलं तर तो एक प्रकार. टाचेच्या हाडावरच, जिथे टेंडन चिकटतं तिथे दुखलं तर दुसरा. दोन्हींचे व्यायाम वेगळे, म्हणून हे फाईलवर लिहून घ्या. पहिल्याच भेटीत एमआरआय सांगितला तर ‘त्याने उपचार बदलणार आहे का?’ असं सरळ विचारा. अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या टेंडनमध्येही बदल दिसतात, आणि तो रिपोर्ट वाचून माणूस उगाच पाय टेकवायला घाबरतो. शंका असेल तर बऱ्याचदा साधी सोनोग्राफी पुरते. मात्र दोन्ही टाचा दुखत असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, रात्री कंबर दुखून जाग येत असेल किंवा अंगावर सोरायसिसचे चट्टे असतील, तर रूमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर, गाठा. हे काम ऑर्थोचं नाही, फिजिओचं तर नाहीच.

बाकी सगळं काम फिजिओचं, आणि लोक फसतात ते नेमके इथेच. ‘दहा सिटिंग, आगाऊ भरलेत तर दोन फुकट’ हे पॅकेज घोडबंदर पट्ट्यात काय आणि वाशी-नेरुळात काय, सर्रास मिळतं. पडद्याआड झोपवतात, पोटरीला आयएफटीचे (सौम्य विजेच्या प्रवाहाचे) पॅड लावतात, दहा मिनिटं अल्ट्रासाउंड (तपासणीची सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा शेक), वर गरम शेक. मदतनीस येऊन पॅड काढतो, फिजिओ तोवर पलीकडच्या पडद्यात. गुडघा असो, खांदा असो, टाच असो, सगळ्यांना तेच. संध्याकाळपर्यंत बरं वाटतं, म्हणून माणूस पुन्हा जातो. पण टेंडनची ताकद भार दिल्यानेच वाढते, तीही आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने. शेकाने नुकसान होत नाही. नुकसान होतं ते व्यायामाविना वाया गेलेल्या दोन महिन्यांचं. वर पावतीवर फिजिओचा नोंदणी क्रमांक नसतो, मग ओपीडी कव्हर असलेल्या विम्याचाही क्लेम अडकतो आणि उरलेल्या सिटिंगचे पैसे मागितले की ‘नॉन-रिफंडेबल’.

म्हणून पैसे भरण्याआधी फोनवरच विचारा: पहिल्या दिवशी काय तपासणार? ‘एका पायावर टाच किती वेळा उचलता येते ते दोन्ही बाजूंनी मोजू’ असं काहीसं उत्तर आलं तर जा. ‘मॅडम, मशीन लावू’ म्हणाले तर राहू द्या. पदवी फिजिओथेरपीची, म्हणजे बीपीटीएच (बीपीटी) किंवा एमपीटीएच (एमपीटी) हवी आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी हवी. खिशाला परवडायचं असेल तर नेरुळ, कामोठ्यात फिजिओथेरपी कॉलेजांना जोडलेल्या ओपीडी आहेत. रांग असते, पण विद्यार्थी नीट मोजून तपासतात. माझ्या मते चकचकीत सेंटरपेक्षा ते बरं.

व्यायाम कसा असायला हवा हेही माहीत असू द्या. पायरीच्या कडेवर चवडे, हात कठड्यावर. दोन्ही पायांनी वर, मग भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच सावकाश, तीन मोजत, पायरीच्या खाली. वर येताना चांगला पाय वापरायचा. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, पंधराचे तीन किंचित वाकवून. दिवसातून दोनदा, बारा आठवडे. सोपं जायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो आट्याची पिशवी. दुखणं टाचेच्या हाडावरच असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट लादीवरच करा. खाली ताणताना टेंडन हाडावर दाबलं जातं आणि दुखणं वाढतं. करताना दहापैकी चार-पाच दुखलं तरी चालतं, पण दुसऱ्या सकाळी नेहमीपेक्षा जास्त लंगडलात तर भार कमी करा, व्यायाम बंद नको. इथेच बहुतेक जण सोडून देतात.

स्टेरॉइडचं इंजेक्शन अकिलीसमध्ये घेऊ नका, टेंडन तुटायचा धोका वाढतो. टेनिस एल्बोत (कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यात) या इंजेक्शनने सहा आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने इंजेक्शन न घेतलेले पुढे असतात. उलट अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखणाऱ्या डीकर्व्हेनमध्ये तेच इंजेक्शन चांगलं काम करतं, तेव्हा सरसकट डॉक्टरांशी भांडू नका.

जाता जाता: लघवीच्या जंतुसंसर्गासाठी वगैरे सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन चालू असेल किंवा नुकतंच झालं असेल तर ऑर्थोला आवर्जून सांगा. या गोळ्यांनी टेंडन दुखू शकतं, तुटूही शकतं. साठीपुढे किंवा सोबत स्टेरॉइड असेल तर जास्तच. गोळी चालू असताना टेंडन दुखायला लागलं तर पुढची गोळी घेऊ नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. आणि मागून कोणी लाथ मारल्यासारखा फटका बसून चवड्यावर उभंच राहता येईनासं झालं, तर फिजिओची अपॉइंटमेंट शोधत बसू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी.