विमा आणि एएमसी रिन्यू करण्याआधी दरवर्षी चार ठिकाणी विचारावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावला नोकरी, स्वतःच्या गाडीचा विमा, पाचोऱ्याला राहणाऱ्या आईवडिलांची मेडिक्लेम आणि घरातल्या आरओची (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची) एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, तिन्ही येत्या दोन महिन्यांत संपताहेत. एजंट म्हणतो, "कशाला डोक्याला ताप, जुन्याच कंपनीत राहू द्या." तर चार ठिकाणी विचारण्यात काही अर्थ आहे का?

आहे. पण तिन्हींना एकच माप लावू नका. गाडीच्या विम्यात जुन्या कंपनीला धरून राहण्याचा फायदा जवळजवळ काहीच नाही. मेडिक्लेममध्ये जुनेपणाला मोठी किंमत आहे, फक्त ती किंमत सोबत घेऊन दुसरीकडे जाता येतं. आणि एएमसी हा दरवर्षी नव्याने बोलून घ्यायचा सौदा आहे. मी भुसावळला राहतो. घरातले, नात्यातले हे कागद बरीच वर्षं माझ्याकडेच येतात, त्यावरून सांगतो.

मेडिक्लेम सगळ्यात आधी हातात घ्या, कारण तिची वेळ आत्ताच आहे. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची तर मुदत संपायच्या किमान 45 दिवस आधी अर्ज द्यायचा असतो, आणि 60 दिवसांच्या फार आधी तो घेत नाहीत. म्हणजे खिडकी जेमतेम पंधरा दिवसांची. लोक शेवटच्या आठवड्यात जागे होतात आणि मग नाइलाजाने येईल ती रक्कम भरतात. पोर्ट केल्यावर जुन्या आजारांसाठी जो वेटिंग पिरियड (क्लेम मिळण्याआधी थांबायची मुदत) तुम्ही आधीच काढलाय तो नव्या कंपनीत धरला जातो. मात्र जुन्या विमा रकमेपुरताच. पाच लाखांचे दहा लाख केलेत, तर वरच्या पाच लाखांना वेटिंग नव्याने लागतं. नवी कंपनी वय आणि तब्येत बघून अर्ज नाकारूही शकते, म्हणून तिचा होकार लेखी येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडायची नाही. वडिलांना शुगर असेल, आईला बीपी असेल, तर ते फॉर्मवर स्पष्ट लिहा. एजंट "नका लिहू, हप्ता वाढेल" म्हणाला तरी लिहा. पुढे क्लेम नाकारला गेला की भोगायचं तुम्हालाच आहे.

यंदा एक गोष्ट मुद्दाम तपासा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. त्यामुळे रिन्यूअलची रक्कम मागच्या वर्षीपेक्षा कमी दिसली की माणूस निर्धास्त होतो. समजा, गेल्या वेळी मूळ हप्ता 30,000 आणि कर 5,400 मिळून 35,400 भरले होते, आणि आता 34,000 चा मेसेज आलाय. चौदाशे वाचले असं वाटतं, पण मूळ हप्ता चार हजारांनी, म्हणजे 13 टक्क्यांहून जास्त वाढलेला असतो. साठी ओलांडलेल्यांच्या हप्त्यात वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, बोलावं लागतं, हे जानेवारी 2025 पासून आहे. तेव्हा जुनी पावती काढा आणि मूळ हप्ता मूळ हप्त्याशी ताडून बघा. वय पुढच्या गटात गेलं म्हणून वाढ झालीय का, हेही कंपनीला ईमेलवर विचारा.

आपल्या खानदेशासाठी त्याहून महत्त्वाचं आहे ते झोनचं कलम. बऱ्याच पॉलिसींत शहरांचे गट असतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पत्त्याला हप्ता स्वस्त बसतो, आणि त्याच पॉलिसीवर मुंबईत उपचार घेतले तर काही कंपन्या बिलातला ठरावीक हिस्सा, कुठे कुठे 20 टक्केसुद्धा, रुग्णाकडून घेतात. काही कंपन्या सुरतही वरच्या गटात धरतात. आता आपली माणसं मोठ्या दुखण्याला जातात कुठे? नाशिक, संभाजीनगर, मुंबई. नवापूर-नंदुरबारकडचे सुरतेला, रावेरकडचे इंदूरला. कागदावर स्वस्त दिसलेली पॉलिसी नेमक्या त्याच वेळी महाग पडते. दोन कंपन्यांची तुलना करताना आधी हे कलम वाचा, मग रूमभाड्याची मर्यादा वाचा. खोलीला दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का एवढीच मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतली, तर फक्त भाड्याचा फरक नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन यांचे पैसेही त्या प्रमाणात कापतात. वडील 70 च्या पुढे असतील तर त्यांचं सरकारी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता पाच लाखांचं संरक्षण आहे आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं.

गाडीकडे वळू. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या भागाचा, हप्ता सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारला जून 2022 च्या दरपत्रकात तो 3,416 रुपये होता. फरक पडतो तो ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि ॲड-ऑनमध्ये (वरून घेतलेलं जादा संरक्षण), त्यामुळे घासाघीस तिथेच करायची. "कंपनी बदलली तर बोनस जाईल" ही भीती घालतात ती खोटी आहे. नो क्लेम बोनस तुमच्या नावावर असतो, कंपनीच्या नाही. क्लेम नसलेल्या वर्षांप्रमाणे तो 20 टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षाला 50 टक्क्यांपर्यंत जातो आणि नव्या कंपनीत तसाच लागतो. तो जातो पॉलिसी संपून 90 दिवस उलटले तर.

माझ्या मेहुण्याच्या गाडीला जुन्या कंपनीकडून 14,200 चं पत्र आलं आणि साइटवर दुसऱ्या कंपनीचे 11,600 दिसले. तो पैसे भरायलाच बसला होता. मी म्हटलं, दोन्ही कागद शेजारी ठेव. पत्रात आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) 4,60,000 होती, साइटवर 3,70,000. म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर हातात नव्वद हजार कमी येणार. साइटवर झिरो डेपची (घसारा न कापता भागांचे पैसे देणाऱ्या ॲड-ऑनची) खूणही नव्हती, आणि झिरो डेप नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात. आयडीव्ही सारखी केली, खूण केली, तेव्हा फरक उरला सात-आठशेचा. मग तो सातशेचा फरक घेऊन आम्ही जुन्या कंपनीच्या एजंटाला फोन केला आणि खडा टाकून बघितला. त्याने वरच्या ऑफिसला विचारून हप्ता तेवढाच आणून दिला. नव्या कंपनीचं कॅशलेस गॅरेज भुसावळात नव्हतं, त्यामुळे मेहुणा तिथेच राहिला, आणि ते बरोबरच झालं. तुम्हीही आयडीव्ही, ॲड-ऑन आणि बोनसची टक्केवारी, तिन्ही एकसारखे करून मगच आकडे बघा. एजंट स्वतःच्या कमिशनमधून रोख परत देतो म्हणाला तर ते घेऊ नका, विमा कायद्याच्या कलम 41 ने देणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात.

विम्यात निवड असणं ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्याला फळपीक विम्यात कंपनी निवडता येत नाही, जिल्ह्याला शासन नेमेल तीच. जिथे निवडीचा हक्क हातात आहे, तिथे तो वापरला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आरओची एएमसी. आधी कागदावर बघा की ती फक्त सर्व्हिसची आहे की फिल्टर आणि मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) यांसकट. नावं गोड असतात, मेंब्रेन मात्र बारीक अक्षरात वगळलेलं सापडतं. दुसरं, अडीचशे-तीनशे रुपयांचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मीटर घरी ठेवा. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. एएमसी संपायच्या सुमारास मेकॅनिक आला, सेडिमेंटचा पिवळा पडलेला फिल्टर हातात धरून म्हणाला, "काका, मेंब्रेन गेलंय, आताच मोठा प्लॅन घेऊन टाका." मी त्याच्यासमोर दोन ग्लास भरले. नळाच्या पाण्यात मीटरने 640 दाखवले, आरओच्या पाण्यात 48. नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार अडत होते, म्हणजे मेंब्रेन ठणठणीत. फक्त फिल्टर बदलून घेतला. तुमच्या नळाच्या पाण्याचा आकडाच 500 च्या आत असेल, तर पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे ते क्षारांच्या बाबतीत चालतं. मग एवढी महाग एएमसी हवीच का, हा विचार करा. घ्यायचीच असेल तर तक्रारीनंतर किती तासांत माणूस येईल ते लिहून घ्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो तेव्हा कुलर-एसीच्या गर्दीत मेकॅनिक फोन उचलत नाहीत.

डिश आणि इंटरनेटला एवढं खोलात जायची गरज नाही. कनेक्शन बंद करायचंय म्हणून फोन करा, पुष्कळदा बरा दर तिथेच निघतो. ऑटोपे लावलं असेल तर पैसे कापायच्या 24 तास आधी सूचना यायला हवी, तो मेसेज वाचत जा.

आता तुमच्या एजंटाविषयी. आपल्याकडे क्लेमच्या वेळी रात्री हॉस्पिटलात उभा राहणारा एजंट असेल तर त्याच्यासाठी पाच-सातशे जास्त गेले तरी मी हरकत घेणार नाही. त्याला सरळ विचारा: मूळ हप्ता किती वाढला, मुंबईत किती कापतील, आणि मागच्या वर्षी कुणाचा क्लेम तुम्ही स्वतः पाठपुरावा करून काढून दिला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी मागा. टाळाटाळ केली तर त्याच दिवशी पोर्टचा अर्ज भरा, 45 दिवसांची रेघ ओलांडायच्या आत.