पोरीला समाजशास्त्रात एम.ए. करू द्यावं का?

घाटंजी तालुक्यातून (जि. यवतमाळ) एका शेतकरी वडिलांनी विचारलंय: "पोरगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. समाजशास्त्रात एम.ए. करतो म्हणते. लोकांच्या घरी जाऊन चौकशा करायला एवढं शिक्षण कशाला लागते? बी.एड. बरं नाही का?"

नमस्कार भाऊ,

चौकशाच करायच्या असतात, खरं आहे. पण त्या जमणं सोपं नाही. सर्व्हेवाला दारात येऊन विचारतो, "शेती कोण करतं?" घरधनी सांगतो, "मी." बाई त्या वेळी वावरात निंदायला गेलेली. फॉर्मवर तिच्यापुढे 'घरकाम' पडतं. तिलाच गाठून "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?" असं विचारलं, की निंदण, सरपण, ढोरांचं पाणी सगळं निघतं. केंद्र सरकारने 2019 मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली, ती अशीच आदल्या दिवसाचा हिशेब विचारून.

दुसरं, माणूस स्वतःच्या मनानं वागतो असं आपण धरून चालतो. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1897 मध्ये आत्महत्येसारखी अगदी खासगी गोष्ट अभ्यासाला घेतली. आकडे मांडले तर प्रत्येक समाजातलं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं हलत नव्हतं, आणि कोणाला माणसांचा आधार किती, यावर ते कमीजास्त होत होतं. आपल्या जिल्ह्यात हे जास्त फोड करून सांगायला नको. "दारू प्यायचा" म्हणून गाव मोकळं होतं. कर्ज, लग्नाचा खर्च, भाऊबंदकी यांचा हिशेब कोणीतरी मांडावा लागतो. नुसत्या आकड्यांनी भागत नाही तिथे मुक्काम ठोकावा लागतो. आपले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास 1948 मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले ते त्यासाठीच.

आता पोटापाण्याचं. प्राध्यापकीच्या भरवशावर पाठवू नका. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास होऊनही तासिका तत्त्वावर राबणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. आरोग्य, ग्रामविकास, पाहण्या यांच्या प्रकल्पांत कामं निघतात. पण संख्याशास्त्र आणि एक्सेलला घाबरणाऱ्याचं तिथे निभत नाही. एम.ए. अमरावती विद्यापीठातूनही होतं. जमलं तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी. बी.एड. काय, एम.ए.नंतरही करता येतं.

तोवर एक करा. वेचणी सुरू झाली की तिला गावातल्या आठ-दहा घरी पाठवा. बाईला वेगळं, बाप्याला वेगळं, कालचा दिवस विचारून वहीत उतरवू द्या. चौथ्या घरी कंटाळली, तर बी.एड.चा फॉर्म आणा.