लाकडाच्या पॉलिशचा रंग चुकला? लगेच घासायला घेऊ नका

आधी नजरेआडच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा थोडा वेळ दाबून धरा. तिथे चिकट झालं तर लाखेचं पॉलिश आहे, स्पिरिटनेच उतरेल.

पण लालसर आलं असेल तर उतरवूच नका! पृष्ठभाग हलका घासून, पातळ लाखेत स्पिरिटमध्ये विरघळणारा हिरवा रंग अगदी किंचित मिसळून एक हात द्या. हिरव्याने लाली मरते. जास्त झाला तर मात्र लाकूड मातकट दिसतं.

फिकं असेल तर सोपं आहे, गडद हात चढवा. फार गडद झालं असेल तर उतरवून १२०, १८०, २२० नंबरच्या सँडपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. व्हिनियर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) असेल तर जपून, तो थर बऱ्याचदा मिलिमीटरभरही नसतो.

नवा रंग देण्याआधी त्याचा नमुना त्याच लाकडावर, शेवटच्या हातासकट, दिवसाउजेडी पाहा.