वादळ गुजरातेत, लाटा कोकणात
प्रश्न : मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ गुजरातेत दीव-उना परिसरात किनाऱ्यावर आले, मग कोकणात एवढ्या लाटा का उसळल्या?

उत्तर : लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा कालावधी आणि त्याला मिळालेला मोकळ्या समुद्राचा पल्ला यांवर ठरते. उत्तर गोलार्धात वादळाच्या उजव्या बाजूस वाऱ्याच्या वेगात वादळाची स्वतःची गती मिळते; तौक्ते उत्तरेकडे सरकत असल्याने कोकण नेमके त्याच बाजूस होते. शिवाय लांब लाटा फारशी शक्ती न गमावता दूरवर जातात आणि उथळ पाण्यात मंदावताच उंचावून फुटतात. वाऱ्याच्या रेट्याने व हवेच्या घटलेल्या दाबाने (दाब १ मिलिबार घटला, की सुमारे १ सेंटिमीटर) होणारी समुद्राची पातळीवाढ लाटांहून वेगळी, जरी बातम्यांत दोहोंची सरमिसळ होत असली; ती भरतीत मिसळली, की लाटा एरवी कोरड्या राहणाऱ्या वाळूपर्यंत पोहोचून ती ओढून नेतात.