आई स्वतःहून काय करते?

प्रश्न : सासऱ्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणतात, पण चाचणीत ३० पैकी २६ गुण आले. मग घरात रोज गोंधळ कसा? (मंगळवार पेठ)

ती चाचणी तारीख, वार, वजाबाकी विचारते. गंगावेशला जाऊन दूध आणणं, सुटे पैसे मोजून घेणं तिच्यात नाही. शिकलेला माणूस कागदावर निभावून नेतो. म्हणून रोजच्या कामांबद्दल घरच्यांना वेगळं विचारतात, त्याचा फॉर्म असतो. बाजार, औषधं, पैसे, केएमटी बसचा प्रवास हे सहसा आधी सुटतं. अंघोळ, जेवण बरंच नंतर.

परवा एका मावशींना चहा करायला सांगितला. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं आणि थांबल्या. "आता चहापूड," म्हटल्यावर पुढचं सगळं नीट, आलंसुद्धा ठेचून घातलं. हात शाबूत, क्रम हरवलेला. "चहा येतो का?" एवढंच विचारलं असतं, तर घरचे "हो" म्हणाले असते! तेव्हा येतं की येत नाही एवढ्यावर थांबू नका. काम कोणी सुरू करून दिलं, किती वेळा आठवण केली, कुठे हात लावावा लागला, ते वहीत लिहा.

प्रश्न : वडिलांनी जन्मात स्वयंपाक केला नाही. फॉर्ममध्ये तिथे शून्य द्यायचं का? (राजारामपुरी)

नको, 'लागू नाही' लिहा. लॉटन आणि ब्रॉडी या अमेरिकी संशोधकांच्या १९६९च्या, रोजची कामं मोजणाऱ्या मोजपट्टीत आठ कामं आहेत. पुरुषांसाठी मात्र स्वयंपाक, घरकाम, धुणं वगळून पाचच धरत. (आपल्याकडे ही सवलत आवडेल अशांची कमी नाही.) वडील वीजबिल भरायचे, पेन्शनचा हिशेब ठेवायचे, ते बघा. तुलना दोन वर्षांपूर्वीच्या वडिलांशी करायची, शेजारच्या काकांशी नाही.

प्रश्न : भाऊ महिन्यातून एकदा पुण्याहून येतो, म्हणतो आई ठणठणीत आहे. तिची निम्मी कामं मी करते. खरं कुणाचं? (कळंबा)

दोघांचंही. पाहुण्यासमोर आई दोन तास छान सावरून घेते. मी रोज सांभाळणाऱ्याचं जास्त धरतो. पण दमलेला, कातावलेला माणूस गुण जरा कमीच देतो. शिवाय घाईत आपणच साडी नेसवून मोकळे होतो. आठवडाभर निऱ्या तिच्या हातात देऊन बघा, मग फॉर्म भरा.

प्रश्न : गुरुवारपर्यंत हातानं जेवणारे आजोबा शनिवारी ताटाकडे बघेनात. पुन्हा मोजणी करू? (उचगाव)

मोजणी राहू द्या, आजच डॉक्टरांकडे न्या. दोन दिवसांत एवढी घसरण सहसा स्मृतिभ्रंशाची नसते. लघवीतला जंतुसंसर्ग, शरीरात पाणी कमी पडणं, नवी सुरू केलेली गोळी, असं काहीतरी निघतं. गोळ्यांची पिशवी सोबत घ्या.