नवा शो मांडताना

एखाद्या इम्प्रोव्ह थिएटरला (जिथे संहितेशिवाय, आयत्या वेळी सुचेल तसं नाटक करतात) नव्या शोचा प्रस्ताव लिहायला बसण्याआधी तिथले दोन-चार प्रयोग प्रेक्षकांत बसून बघ. तिथे आधीच काय चालू आहे हे माहीत नसेल, तर तुझा शो का हवा हे पटवून देता येणार नाही.

मग शो एका वाक्यात सांग. 'धमाल इम्प्रोव्ह शो' यातून निवडणाऱ्यांना काहीच कळत नाही. 'प्रेक्षकांतला एकजण आपला कालचा दिवस सांगतो आणि आम्ही तोच दिवस त्याच्या चपलांच्या नजरेतून उभा करतो' असं लिहिलंस की वाचणाऱ्याला रंगमंच दिसतो. त्याखाली पहिली पाच मिनिटं नेमकी कशी जातील ते लिही: प्रेक्षकांकडून सूचना कोण मागतो, पहिला प्रवेश कशातून सुरू होतो, अंधार कधी होतो. मी प्रस्तावात सगळ्यात आधी हेच शोधते.

कलाकार, वेळ, माइक, दिवे हे थोडक्यात पुरे. (दिवे बहुधा एखादा स्वयंसेवकच सांभाळतो, तेव्हा साधं ठेव.) तालमीला नक्की येणार त्यांचीच नावं घाल. आणि थेट दर आठवड्याची वेळ मागू नकोस. एकच प्रयोग माग, आडवारी मिळाला तरी घे.